निळा दिवा लागतो, पण माशी मरत नाही: जुने मशीन दुरुस्त करावे की टाकावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्याजवळ हमरस्त्याला लागून एका ताईंची खानावळ आहे. त्यांच्या मामंजींनी चौदा वर्षांपूर्वी माशा मारायचे मोठे मशीन घेतले होते. पत्र्याची बॉडी, आत अठरा इंची दोन निळ्या ट्यूब आणि पुढे उभ्या सळ्यांची जाळी. ट्यूब दोन्ही लागतात, एक जरा लुकलुकते. पण गेल्या पावसाळ्यापासून जाळीचा ‘टच्’ आवाज बंद झाला आहे. माशा सळ्यांवर बसतात आणि उडून जातात. जोराचा पाऊस असला की मात्र आतून सतत चर्र चर्र ऐकू येते आणि उग्र वास सुटतो. एका इलेक्ट्रिशियनने मीटर लावून सांगितले, ट्रान्सफॉर्मर गेला, नवीन घ्या. दुसरा म्हणतो, दुरुस्त करून देतो. शिवाय यंदा डास फार झालेत, त्यांनाही हे मशीन चालेल का?

ताई, डिचोलीत माझे वायंडिंगचे दुकान आहे. पंप, मिक्सर, पंखे हे रोजचे काम; पण दर वर्षी मे-जूनमध्ये ही निळ्या दिव्याची मशिने हमखास येतात आणि एकतीस वर्षांत बरीच उघडून झाली आहेत. तुमचे मशीन मी पाहिलेले नाही, तरी तुमच्या वर्णनातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. पावसात चर्र चर्र होते म्हणता, म्हणजे जाळीपर्यंत विजेचा मोठा दाब (व्होल्टेज) अजून पोचतो आहे. मेलेल्या ट्रान्सफॉर्मरने जाळीवर असा चर्र आवाज येत नाही. तेव्हा ‘ट्रान्सफॉर्मर गेला’ हे निदान मला लगेच पटत नाही. वीज तयार होते आहे, पण माशीपर्यंत पोचायच्या आधी कुठेतरी झिरपून जाते आहे, असा माझा अंदाज आहे.

हे नीट समजायला मशीनच्या पोटात काय असते ते सांगतो. त्यात दोन वेगवेगळी कामे चालतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एक काम दिव्याचे: चोक, स्टार्टर, ट्यूब, आपल्या घरच्या जुन्या ट्यूबलाइटसारखेच. दुसरे काम जाळीचे: एक ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे तीन-चार हजार व्होल्ट करतो आणि ते एकाआड एक सळ्यांना देतो. दिवा बोलावतो, जाळी मारते. त्यामुळे दिवा लागला म्हणजे मशीन चालू, हा समज चुकीचा. आणि तक्रारही दोन प्रकारची असते: माशा येतच नाहीत, किंवा येतात पण मरत नाहीत. पहिली असेल तर ट्यूबकडे बघायचे, दुसरी असेल तर जाळीकडे. तुमच्या माशा सळ्यांवर बसून सुखरूप उडून जातात, म्हणजे जाळीची तक्रार आहेच. ट्यूबही म्हातारी झाली असणार, ते पुढे बोलतो.

आता जाळीचे. हा ट्रान्सफॉर्मर साध्या ट्रान्सफॉर्मरसारखा नसतो. त्याच्यातून मिळणारा प्रवाह मुद्दामच आखडलेला असतो, साधारण दहा मिलिअँपिअरच्या आसपास. त्यामुळे सळ्या एकमेकींना चिकटल्या तरी काही जळत नाही. फक्त दाब कोसळतो. इथेच तुमची गोम आहे. टाकीला बारीक पाइपने पाणी येत असेल आणि टाकीच्या बुडाला भोक पडले, तर नळाला जोर राहत नाही ना, तसेच हे. सळ्या ज्या आधारांवर बसवलेल्या असतात त्या बेकेलाइटच्या, चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या गुटक्यांवर वर्षानुवर्षे माश्यांचे पंख, तेलकट धूर आणि धूळ बसते. कोरड्या दिवसांत ते फारसे नडत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल लागते. तो थर ओला झाला की त्यावरून वीज सरपटू लागते. तो चर्र आवाज म्हणजे ही सरपट. आणि उग्र वास ओझोनचा आहे. मोठ्या दाबाची वीज हवेत झिरपली की हा वायू तयार होतो. तो रोज हुंगणे बरे नाही, म्हणून तोवर मशीन बंदच ठेवा.

मग पाऊस थांबल्यावरही माशी का मरत नाही? कारण ती सरपट आपली वाट मागे ठेवून जाते. गुटक्याच्या पृष्ठभागावर काळी, झाडाच्या फांद्यांसारखी बारीक रेघ उमटते. तो जळून झालेला कार्बन. कार्बन वीज वाहून नेतो, म्हणून एकदा ती रेघ पडली की कोरड्या दिवशीही गळती चालूच राहते. ती फडक्याने पुसून जात नाही. मी सुरुवातीच्या वर्षांत स्पिरिटने घासून, वॉर्निश मारून अशी मशिने परत दिली आहेत. महिन्या-दीड महिन्यात ती परत यायची, कारण वॉर्निशच्या खाली कार्बन तसाच असायचा. आता मी रेघ बारीक असेल तर पात्याने खरवडून खाली स्वच्छ पदार्थ लागेपर्यंत काढतो, खोल असेल तर गुटका बदलतो. जुन्या पत्र्याच्या मशिनीत गुटके स्क्रूने बसवलेले असतात, बदलता येतात. नव्या प्लास्टिकच्या मशिनीत बॉडीच गुटक्याचे काम करते. तिथे रेघ पडली की मशीन संपले.

ही गळती उघड्या डोळ्यांनी बघता येते. संध्याकाळी खानावळ बंद झाल्यावर प्लग काढा, दोन्ही ट्यूब फिरवून बाहेर काढा, मशीन भिंतीवरच असू द्या. खोलीतले सगळे दिवे मालवा, मग प्लग लावून हाताएवढे नव्हे, चांगले दोन पावले लांब उभे राहून पाहा. गळती असेल तिथे निळसर-जांभळा ठिपका किंवा किड्यासारखी वळवळणारी रेघ दिसेल. ती गुटक्यावर असेल तर माझा अंदाज खरा. दोन सळ्यांच्या मध्येच दिसली तर एखादी सळी वाकली आहे. कोरड्या हवेत एक मिलिमीटर अंतर तोडायला ढोबळमानाने तीन हजार व्होल्ट लागतात, आणि सळ्यांमध्ये सहा-आठ मिलिमीटर अंतर ठेवलेले असते ते माशीने मधला पूल करावा म्हणून. पोऱ्याने झाडूचा दांडा मारून सळी वाकवली की ते अंतर कमी होते आणि तिथेच ठिणगी पडत राहते. आणि काहीच दिसले नाही, काहीच ऐकू आले नाही, तर मग ट्रान्सफॉर्मर, त्याच्या तारा किंवा दाराचे बटण. काही मशिनींत पुढची जाळी उघडली की वीज तोडणारे छोटे बटण असते. ते गंजून अडकले तरी नुसते दिवे लागतात आणि जाळी मुकी राहते.

यापुढचे काम मात्र घरी करायचे नाही. प्लग काढल्याशिवाय पुढची जाळी उघडायची नाही, आणि प्लग काढल्यावरही थोडे थांबून, चांगल्या मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने शेजारच्या दोन सळ्या दोन-तीनदा जोडून मगच हात घालायचा. ज्या मशिनींत कपॅसिटर असतात त्यांत प्लग काढल्यावरही दाब साठून राहतो. बॅडमिंटनच्या रॅकेटसारखे डास मारायचे जे हत्यार असते, त्याचा चटका बटण सोडल्यावरही बसतो तो याच कारणाने. ‘घरात ट्रिप स्विच आहे, काही होत नाही’ असेही कुणी सांगेल. ट्रान्सफॉर्मरची दुसरी गुंडाळी मेनपासून सुटी असते. तिच्या दोन सळ्यांमध्ये हात सापडला तर तो ३० मिलिअँपिअरचा स्विच ते ओळखतच नाही.

तुमच्या इलेक्ट्रिशियनची चूक कुठे झाली असावी, तेही सांगतो, कारण ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. मीटर बझरवर ठेवायचा, ट्रान्सफॉर्मरच्या जाळीकडच्या दोन टोकांना लावायचा, बझर वाजला नाही की ‘वायंडिंग तुटले’ म्हणायचे. पण बझर वाजतो तो काही थोड्या ओहमपर्यंतच. या गुंडाळीत केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. चांगल्या गुंडाळीचाही रोध काही हजार ओहम भरतो. बझर वाजणारच नाही. मीटर किलोओहमवर ठेवून, जाळीच्या तारा सोडवून मोजायला सांगा. काही किलोओहमचा स्थिर आकडा आला तर गुंडाळी सलग आहे. आणि चालू मशीनच्या जाळीला साधा मल्टिमीटर लावायला कुणालाही देऊ नका. तो सहाशे किंवा हजार व्होल्टपर्यंतचा असतो, चार हजाराला आतून फुटू शकतो. त्यासाठी वेगळा हाय-व्होल्टेज प्रोब लागतो.

गुंडाळी सलग असूनही आतले वेढे एकमेकांना चिकटलेले असू शकतात. त्याची जुनी आणि भरवशाची परीक्षा म्हणजे सिरीज बल्ब. साठ वॅटचा पिवळा बल्ब मेनच्या एका तारेत मालिकेत जोडायचा, जाळीच्या तारा सोडवून त्यांची टोके एकमेकांपासून आणि बॉडीपासून लांब बांधायची आणि चालू करायचे. बल्बची तार नुसती लालसर झाली किंवा पेटलीच नाही तर ट्रान्सफॉर्मर ठीक. बल्ब चांगला लख्ख लागला तर आत शॉर्ट आहे. शॉर्ट असलेला ट्रान्सफॉर्मर तसाही लपत नाही: घुमतो, तापतो, डांबर वितळल्याचा वास येतो. आता जाळीचे दोन भाग ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे गळती तपासायच्या मीटरवर, तपासायचे. साफ करून, वाळवून काही शे मेगओहम यायला हवेत. मी वीसच्या खाली आले तर मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, मग ते ‘चालते आहे’ असे कितीही दिसो.

दोन वर्षांमागे बार्देशातल्या एका पोदेराचे (पाववाल्याचे) मशीन आले होते. तक्रार तुमच्यासारखीच. पुढचे झाकण काढले तर गुटक्यांवर पांढरट, कडक कवच. भट्टीच्या खोलीतले उडणारे पीठ पावसाळ्याच्या ओलीने गुटक्यांवर मळले गेले होते आणि त्याची अक्षरशः पोळी झाली होती. कवच फोडल्यावर खाली काळी रेघ. आणि ट्रान्सफॉर्मरच्या टोकाजवळ एक वाळून चामड्यासारखी झालेली पाल, एक पाय टोकावर आणि शेपूट बॉडीवर. पाली किड्यांच्या आशेने या मशिनीत शिरतातच. म्हणून ट्रान्सफॉर्मर गेल्याचे ठरवण्यापूर्वी मी सगळ्यात आधी पाल, मुंग्यांचे घर आणि हुमल्यांनी (झाडावरच्या लाल मुंग्यांनी) आणलेली पाने शोधतो. त्या पोदेराचे मशीन चार नवे गुटके घालून पुन्हा चालू झाले. पण ते पुन्हा भट्टीच्या खोलीत लावू नका असे मी त्याला बजावले. ठिणगीचे यंत्र आणि हवेत उडणारे पीठ एका खोलीत नकोच. तुमच्याकडे पीठ नसेल, पण गॅसचे सिलिंडर असतील. त्यांच्या आसपास हे मशीन लावायचे नाही. आणि मशीन चालू असताना त्याच्यावर डास मारायचा फवारा तर कधीच नाही. स्पिरिटने गुटके पुसले तरी ते पूर्ण उडून जाईपर्यंत प्लग लावायचा नाही.

आता ट्यूब. माशीला मुख्यतः ओढतो तो निळा उजेड नव्हे, तर आपल्याला न दिसणारा त्याच्या पलीकडचा किरण, साधारण ३६५ नॅनोमीटरचा. ट्यूबच्या आतली पावडर हा किरण तयार करते आणि ती पावडर उजेडाच्या आधी थकते. म्हणून ट्यूब डोळ्यांना छान निळी दिसत राहते आणि माशीला मात्र अंधुक. या ट्यूबचे आयुष्य साधारण आठ हजार तासांचे धरतात; चोवीस तास चालवली तर वर्षाचे तासच ८,७६० होतात. तुमची खानावळ बारा-चौदा तास चालते असे धरले तर हे तास दीड-पावणेदोन वर्षांत भरतात, पण पावडरीचा जोर त्याआधीच उतरत जातो, म्हणून दर वर्षी नवी ट्यूब हवी. मी सगळ्यांना एकच सांगतो: शिगमा (होळीचा सण) आटोपला की ट्यूब बदला. आंबे-फणसांचे दिवस सुरू झाले की माशा वाढतात, तेव्हा ट्यूब ताजी असली पाहिजे. गणपतीला बदलली तर निम्मा हंगाम हातातून गेलेला असतो.

लुकलुकणाऱ्या ट्यूबची टोके बघा. काळी पडली असतील तर ती संपली. स्वच्छ असतील तर आधी स्टार्टर बदलून पाहा, मग होल्डरच्या पितळी पट्ट्या. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना हिरवे चढते. दोन्ही ट्यूब एकाच चोकवर मालिकेत असतील तर एकीचा बिघाड दुसरीलाही लुकलुकवतो, आणि तिथे स्टार्टरही त्या जोडणीचाच लागतो, साधा घरगुती घातला तर ट्यूब नीट पेटत नाही.

ट्यूब घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून घ्या. मापाने तुमच्या होल्डरात बसणाऱ्या तीन प्रकारच्या ट्यूब बाजारात मिळतात आणि त्यांतली एकच तुमच्या कामाची. पहिली, खरी कीटकांची ट्यूब: काच पांढरट, लागल्यावर फिकट निळी. दुसरी, नुसता निळा रंग दिलेली शोभेची ट्यूब; ती माशांच्या काहीच उपयोगाची नाही, पण स्वस्त म्हणून गळ्यात मारली जाते. तिसरी धोक्याची: जंतू मारायची, २५४ नॅनोमीटरची. तिची काच बिनपावडरीची, आरपार दिसणारी असते. कोविडच्या वर्षांत या ट्यूब सगळीकडे पोचल्या आणि मापे तीच असल्याने त्या या मशिनींत सहज बसतात. त्या उजेडात जेवायला बसलेल्या माणसाचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात, कातडी भाजते. आरपार काचेची ट्यूब कुणी ‘हीच चालते’ म्हणून दिली तर परत करा. खऱ्या ट्यूबची सोपी ओळख हवी तर अंधारात तिच्यासमोर पाचशेची नोट धरा. नंबर आणि मधली पट्टी चमकून उठली तर पलीकडचा किरण आहे; निळ्या रंगाच्या ट्यूबसमोर ते होत नाही. ही ओळख प्रकाराची झाली, जोर किती उरला ते त्यातून कळत नाही. जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, त्या फोडू नका, ओल्या कचऱ्यात टाकू नका. पंचायतीच्या कचरा गाडीला वेगळ्या बांधून द्या.

डासांचे विचारलेत, त्याचे स्पष्ट उत्तर: नाही. चावायला येणारा डास सहसा उजेडामागे जात नाही. तो आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या वासाच्या मागे येतो. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी अंगणात लावलेल्या अशा मशिनींतले मेलेले किडे एकेक करून मोजले आणि १९९६ मध्ये ते आकडे छापले. एकूण १३,७८९ किड्यांमध्ये चावणारे फक्त ३१ होते. बाकीचे पतंग, भुंगेरे, पाण्याकाठचे निरुपद्रवी किडे. डेंग्यू पसरवणारा डास तर दिवसा चावतो, तेव्हा उजेडाशी त्याचे काय काम? त्याच्यासाठी आठवड्यातून एकदा कुंड्यांखालच्या बशा, परसातल्या करवंट्या, टायर, झाकण नसलेली पिंपे ओतून कोरडी करणे, हाच खरा उपाय आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत पाणी ओतले की साखळी तुटते. डासांसाठी म्हणून या मशीनवर एक रुपयाही घालू नका. आणि ते अंगणात तर लावूच नका. मे अखेरीस झाडांवर काजवे येतात, रात्री फुलांवर फिरणारे पतंग येतात, ते सगळे फुकट जळतात.

पहिला पाऊस पडला की संध्याकाळी वाळवीची पंखवाली पाखरे उठतात, तेव्हा तर मशीन आणि बाहेरचे दिवे तासभर सरळ बंद करा. मी एकदा अशा संध्याकाळनंतरचे मशीन उघडले. ट्रेमध्ये पंखांचा ढीग सळ्यांपर्यंत पोचला होता, सळ्यांच्या बुडाशी पंख जळून डांबरासारखे चिकटले होते आणि ट्रेच्या कडेचा रंग करपला होता. थोडक्यात आग टळली होती.

मशीन कुठे लटकते यावर दुरुस्तीचा निर्णय निम्मा अवलंबून आहे. माशी जाळीवर मरते तेव्हा नुसती पडत नाही, फुटते. तिच्या अंगावरचे जंतू हवेत उडतात, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात जिवाणू आणि विषाणू वापरून तपासलेले आहे. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावर, ताटे वाढायच्या टेबलावर, मासे साफ करायच्या जागी हे मशीन मी लावू देत नाही. अन्नापासून किमान तीन मीटर लांब, दीड-दोन मीटर उंचीवर, आणि दाराकडे तोंड करून नाही. दारातून रस्त्यावर उजेड दिसला तर तुम्ही रस्त्यावरचे किडे आमंत्रण देऊन आत आणता. खिडकीच्या उजेडातही ते फिके पडते. जेवणाच्या खोलीतून हात धुवायच्या बेसिनकडे जाणारा जो अंधारा कोपरा असतो, ती त्याची खरी जागा. तुमचे मशीन आजवर स्वयंपाकघरात होते आणि तिथेच परत लावायचे असेल, तर ते कितीही चांगले दुरुस्त होत असले तरी मी ‘तिथे लावू नका’ म्हणेन. स्वयंपाकघरात चिकट पट्टीचे मशीन घ्या. दिवा तोच, पण माशी गमावर चिकटते. फुटत नाही, आवाज नाही, ओझोन नाही. पट्टी महिन्याला बदलावी लागते, एवढाच खर्च.

आता मूळ प्रश्न: दुरुस्त करावे का? मशीनचे चौदा वर्षांचे वय मला अजिबात घाबरवत नाही. एकदा दोन्ही हातांनी उचलून बघा. एका बाजूला जड लागत असेल तर आत लोखंडी पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर आहे, आणि तसे मशीन दुरुस्तीच्या लायकीचे असते. पत्रा गंजून भोके पडलेली नसतील, सळ्या सरळ असतील आणि पुढची बोटे अडवणारी जाळी शाबूत असेल, तर नवे गुटके, नव्या ट्यूब, स्टार्टर, नव्या सिलिकॉनच्या तारा आणि तीन पिनांची वायर घालून ते अजून बरीच वर्षे चालते. यातल्या वायरवर मी अडून बसतो. जुन्या मशिनींची अर्थिंगची तार कुणीतरी कधीतरी कापून दोन पिनांचा प्लग लावलेला असतो. पत्र्याच्या बॉडीला अर्थिंग नसेल तर मी ते मशीन चालू करून दाखवतसुद्धा नाही.

तेच मशीन हाताला हलके लागले, आत नुसती हिरवी पाटी (सर्किट बोर्ड), चार-सहा डायोड आणि पिवळे कपॅसिटर असतील, तर पैसे घालू नका. अशा बऱ्याच स्वस्त मशिनींत जाळीचा दाब थेट मेनमधून चढवलेला असतो, मध्ये सुटा करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. शिवाय त्याच किरणांनी प्लास्टिकची बॉडी पिवळी आणि ठिसूळ होते, स्क्रू आवळताना कडा तुटतात.

मधली परिस्थिती ही की ट्रान्सफॉर्मर लोखंडी आहे, पण खरोखरच जळाला आहे. मी वायंडिंगवाला आहे, तरी सांगतो: तो गुंडाळून घेऊ नका. एवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे, प्रत्येक थरात कागद, वरून भरणा, हे सगळे हाताने करून चार हजार व्होल्ट टिकवणे शक्य आहे, पण आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ओल आत शिरते आणि मी केलेल्यांपैकी बरेच तिथेच बसले. तयार ट्रान्सफॉर्मर त्याच मापाचा मिळाला तर घालावा. नाही तर नवे मशीन. माझा हिशेब असा की सगळी दुरुस्ती नव्या चांगल्या मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात बसली तर करावी, निम्म्यावर गेली तर करू नये. यात ट्यूबचे पैसे धरायचे नाहीत, कारण ट्यूब नव्या मशीनलाही पुढच्या वर्षी लागणारच आहे. जो दुकानदार ‘दुरुस्त करून देतो’ म्हणतो त्याला एवढेच विचारा: गुटके बदलणार की पुसणार, मेगर लावून आकडा दाखवणार का, अर्थिंग जोडणार का. तिन्हींना ‘हो’ म्हणाला तर द्या.

तोवर मशीन बंद ठेवा आणि दुकानात नेताना ट्रे झटकून स्वच्छ करून नेऊ नका, जसा आहे तसा न्या. ट्रेमध्ये घरमाशा जास्त असल्या तर जागा बरोबर आहे. पतंग आणि पाखरांचे पंख जास्त असले तर उजेड बाहेर रस्त्यावर जातो आहे आणि मशीन परत आल्यावर दुसऱ्या भिंतीवर लावावे लागेल.